सगुणबाबांचे पात्रांव

पेडण्यात आमच्या वाड्यावर लाइट गेली की पहिला आवाज वीज खात्याला घातलेल्या शिव्यांचा येत नाही. पहिला आवाज येतो सायकलच्या पंपाचा. फुस्स, फुस्स, फुस्स. शेजारी सगुणबाब माशाला हवा द्यायला बसलेले असतात.

नवीन माणसाला हे समजावून सांगावं लागतं. सगुणबाबांच्या हॉलमध्ये एक काचेची टाकी आहे आणि तिच्यात एकच मासा आहे. सोनेरी, बोटभर, शेपटीवर काळा ठिपका. लाइट गेली की बुडबुड्यांचं यंत्र बंद पडतं, मग सगुणबाब पंपाला रबरी नळी जोडून हातानं बुडबुडे काढतात. एकदा मी म्हटलं, "अहो, तासभर हवा नाही मिळाली म्हणून मासा मरत नाही." मी शाळेत इतकी वर्षं मुलांना काय शिकवलं असेल, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मास्तरानू, तुमी तासभर नाक धरून बसा. मगे बोलूया."

गंमत म्हणजे सगुणबाब स्वतः वीज खात्यात लाइनमन होते. लोकांनी लाइट कधी येणार विचारलं की त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "येतली, येतली." आता ते फोन करतात आणि पलीकडून कुणीतरी त्यांना तेच ऐकवतं. "कायेक जबाबदारी ना हेंका," असं म्हणून ते फोन आपटतात.

माशाचं नाव पात्रांव. पात्रांव म्हणजे धनी, मालक. पोर्तुगीज गेले, शब्द मागे राहिला. नोकरीत एकाही साहेबाला सगुणबाबांनी पात्रांव म्हटलं नाही, पण सकाळी उठल्यावर टाकीपुढे उभं राहून "पात्रांव, बरो मरे?" विचारल्याशिवाय ते चहा घेत नाहीत. मासळीशिवाय त्यांना घास जात नाही, ही आणखी वेगळी पंचाईत. घरात बांगडा तळायला घेतला की ते आधी टाकीवर टॉवेल टाकतात. मग निवांत बसून तीन बांगडे खातात.

त्यांची बायको, सुलूवैनी, या सगळ्याला विटलेल्या. "माका खोकलो येता तेन्ना कोणाक पंपाची याद येना," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतात. एकदा टाकी धुताना सगुणबाबांनी मासा पाण्याच्या कळशीत ठेवला. वैनींनी न बघता ती कळशी आंघोळीच्या भाणात रिकामी केली आणि खाली जाळ घातला. नशिबानं लाकडं ओली होती. थोड्या वेळानं सगुणबाब आंघोळीला बसले, भाणातून तांब्या भरून अंगावर घेणार तोच आतून पात्रांव त्यांच्याकडे बघताहेत! नुसत्या पंच्यानिशी, तांब्या दोन्ही हातांत धरून ते अंगणातून धावत आले, "आसा! आसा! जितो आसा!" सगळ्या वाड्यानं ते दर्शन घेतलं.

हा मासा मूळचा त्यांच्या नातीचा, सियाचा. मुलगा पोर्तुगालचा पासपोर्ट काढून लंडनला गेला, तेव्हा सहा वर्षांची सिया टाकी आजोच्या ताब्यात देऊन गेली. त्याला आठ वर्षं झाली. मोपाला विमानतळ झाला तेव्हा सगुणबाबांना वाटलं, आता ही मंडळी वरचेवर येतील. विमानं रोज आमच्या कौलांवरून जातात. मंडळी येतात ती रविवारी संध्याकाळी, फोनच्या पडद्यावर. सिया विचारते, "आजो, मासो आसा?" सगुणबाब फोन टाकीकडे वळवून म्हणतात, "आसा!" तिच्या तोंडात आता एवढीच कोंकणी उरली आहे.

गेल्या चवथीची गोष्ट. आमच्याकडे गणपतीच्या वर माटोळी बांधतात, लाकडी चौकटीला रानातली फळं-फुलं टांगून. तिच्यात कवंडळ हवंच. दिसायला लालभडक, पण कडूजहर, कुणी तोंडाला लावत नाही. माटोळीचं एक टोक नेमकं टाकीवर येत होतं. वैनी म्हणाल्या, टाकी हलवा. सगुणबाब म्हणाले, "पात्रांवाक बाप्पाचें दर्शन नको?"

तिसऱ्या दिवशी, रविवारी, दुपारची आरती रंगात आली असताना पिकलेलं कवंडळ फुटून टाकीत पडलं. टाळांच्या आवाजात कुणाला कळलंच नाही. आरतीचं ताट फिरवत सगुणबाब टाकीपाशी आले तेव्हा पाणी लालसर झालं होतं आणि पात्रांव पोट वर करून तरंगत होते.

माणसं पानांवर बसली. सगुणबाब बसले नाहीत. विहिरीचं पाणी बादलीत घेऊन त्यांनी मासा त्यात सोडला, आणि पंप मारायला लागले. दर थोड्या वेळानं मी पाणी बदलत होतो. त्यांचा पंप मंदावला तेव्हा सुलूवैनी वाढता वाढता आल्या, त्यांच्या हातातून पंप घेतला आणि पदर खोचून बसल्या.

साडेपाचला फोन वाजला. सगुणबाबांनी तो उचलला नाही.

"उचला हो, आहे म्हणून सांगा," मी म्हटलं.

"आनी दाखय म्हणाली तर?"

"म्हापशाहून तसाच दुसरा आणू."

"काळो ठिपको खंयसून हाडशात?"

फोन वाजून वाजून थांबला. इतकं घाबरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. खांबावर चढून आयुष्य काढलेला माणूस, पण त्या बादलीपुढे अगदी लहान दिसत होता. मला त्यांच्याकडे बघवेना. मग बादलीत एक कल्ला हलला. मग शेपटी. पात्रांव एका कुशीवर वाकडेतिकडे पोहायला लागले, आणि तिन्हीसांजेला चक्क सरळ झाले.

सगुणबाबांनी पहिल्यांदाच स्वतःहून लंडनला फोन लावला.

"आजो, मासो आसा?"

"आसा!"

दोन मिनिटांत फोन संपला. मी म्हणालो, "पोरीचा भारी जीव आहे हो माशावर."

सगुणबाब हसले. "खंयचो जीव, मास्तरानू! चौदा वर्सांचें चेडूं तें. तेका मासळेचां काय एक पडलेलां ना. माका कळता."

"मग?"

"पूण विचारता न्हय? मासो गेलो, तर ती माका मगे कितें विचारतली?"

एवढ्यात लाइट गेली. सवयीनं त्यांचा हात पंपाकडे गेला, पण पंप माझ्याजवळ होता.

"बसा हो," मी म्हटलं. "आता माझी पाळी."