गळकं छप्पर, चालू स्थितीत

परदेशी मदतीवर चालणाऱ्या दारिद्र्य निर्मूलन प्रकल्पाच्या कार्यालयात सोमवारी सकाळी गंभीर बातमी आली. शिवणकाम करणाऱ्या मावशींनी आपल्या घरावर नवे पत्रे टाकले होते, तेही प्रकल्पाला न कळवता.

प्रकल्प अधिकारी मटकन खाली बसले. मदत देणाऱ्या देशाचे पाहुणे दरवर्षी मावशींचंच गळकं छप्पर पाहून हळहळत आणि प्रकल्पाला मुदतवाढ देऊन जात. दुसरी गरीब घरं नव्हती असं नाही, पण तिथवर गाडी जात नव्हती. आता पाहुणे गुरुवारी येणार होते. मुदतवाढ हुकली तर साहेबांची नोकरी जाणार होती, आणि गरिबी सोडून दुसऱ्या कशाचं निर्मूलन त्यांना जमत नव्हतं.

"तिचं भलंच होवो," घरी बायको म्हणाली, "पण आपली मुदतवाढ झाल्यावर."

साहेब मावशींकडे गेले. "मावशी, तुमची प्रगती वेळापत्रकाच्या पुढे गेलीय. चार दिवस पत्रे उतरवूया."

"तुमच्याकडे छप्पर मागून मागून जीभ झिजली. शेवटी पदरमोड केली."

"छप्पर दिलं असतं तर पाहुण्यांना काय दाखवलं असतं? प्रशिक्षण दिलं की नाही?"

"दिलंत. काटकसरीचं. तीनदा."

साहेबांना स्वतःची लाज वाटली. पण लाजेसाठी अंदाजपत्रकात तरतूद नव्हती. त्यांनी पत्रे उतरवून घेतले आणि चोरीला जाऊ नयेत म्हणून आपल्या गच्चीवर नेऊन ठेवले.

गुरुवारी पाहुण्यांनी मावशींच्या घरात, उघड्या आभाळाखाली उभं राहून दुभाष्यामार्फत विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"

मावशींनी साहेबांच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. "या माणसाची नोकरी ठेवा," त्या म्हणाल्या. "घरी बायकापोरं आहेत. आणि त्याला दुसरं काही येत नाही."

पाहुण्यांचे डोळे पाणावले. लाभार्थीनेच मागणी केल्याची नोंद होऊन पाच वर्षांची मुदतवाढ मिळाली. अट एकच होती, पाहणी यापुढे कधीही आणि न कळवता होईल. त्यामुळे पत्रे परत नेणं काही झालं नाही. नुसते पडून गंजतील म्हणून बायकोने ते गच्चीवर बसवून घेतले.

वर्षअखेरीस साहेब त्याच पत्र्यांखाली बसून अहवाल लिहीत होते. बायकोने मागून वाचलं, "'प्रकल्पामुळे एका कुटुंबाच्या डोक्यावर पक्कं छप्पर आलं.' अहो, हे खोटं नाही का?"

साहेबांनी वर पाहिलं. "एक अक्षर खोटं नाही."

शंका असेल तर तुम्हीही येऊन बघा. गाडी थेट दारापर्यंत जाते.