तिप्पट मजबूत

सकाळी सातला निघायचं ठरलं होतं, आणि साडेदहाला ट्रेलरने नाक वर केलं.

ट्रेलर म्हणजे जीपमागे ओढायची, दोन चाकांवरची खोली; नाक म्हणजे जीपला अडकवायचा तिचा पुढचा दांडा. आत पलंग, गॅस, पंखा. देवरावांनी ती निवृत्त झाल्याबरोबर घेतली, कारण खापरखेड्याच्या वीज केंद्रात फिटर असताना बायकोला, सिंधूताईंना, घेऊन ते कुठेच गेले नव्हते. रजा मिळाली की नेमका बॉयलर बंद पडायचा. आजपासून खिंडसीच्या तलावावर दोन दिवस राहायचं होतं आणि तिथे फिरायला दोन विजेच्या सायकली खोलीच्या पाठीला टांगल्या होत्या. एकेक सायकल बॅटरीसकट पस्तीस किलोची.

"बारा वाजेस्तोवर नाही निघालो, त मी बुटीबोरीले बहिणीकडं चालली," सिंधूताईंनी पायरीवरून सांगितलं. "तुम्ही आन् तुमची खोली." त्या बोलल्या म्हणजे जाणार, हे देवरावांना ठाऊक होतं.

"बाबा, मागं वजन जास्त झालं," जीपमधून उतरत मुलगा अंकुश म्हणाला. "समोरून उचलून राह्यली."

शेजारचे नागसेन उभी हयात स्टोअरकीपर होते, त्यामुळे त्यांच्याकडे सल्ल्यांचा साठा मोठा. "समोर वजन द्या ना गा," म्हणत ते स्वतःच ट्रेलरच्या दांड्यावर बसले. नाक खाली आलं. देवरावांना हायसं वाटलं. तेवढ्यात नागसेन तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकायला उतरले आणि नाक उसळून त्यांच्या पाठीत बसलं.

मग बॅटऱ्या काढल्या. नाक वरच. एक सायकल उतरवली, मग दुसरी. नाक थोडं नमलं, पण खाली येईना.

"सायकली त उतरल्या," सिंधूताई म्हणाल्या. "मंग आता काय लटकून राह्यलं जी?"

सगळ्यांनी मागे पाहिलं. तिथे फक्त सायकली टांगायचं कॅरिअर होतं. देवरावांनी स्वतः वेल्ड केलेलं, जाड पाइपांचं. लागेल त्याच्या तिप्पट मजबूत करायचं, हा त्यांचा नोकरीभरचा नियम. त्यांनी सायकलींचं वजन दोनदा केलं होतं. कॅरिअरचं करायचं कोणाच्या बापाला सुचलं नव्हतं. ते दोन्ही सायकलींहून जड होतं.

"कापून टाका," अंकुश म्हणाला.

आपलंच वेल्डिंग कापायचं म्हणजे देवरावांच्या जिवावर आलं, पण पावणेबारा झाले होते. त्यांनी ग्राइंडर लावला. एक चकती झिजली, दुसरी तुटली, जोड हललासुद्धा नाही. नागसेन भारावून म्हणाले, "काय काम करून ठेवलं गा!" देवरावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते घरी गेले.

बाराला सिंधूताई पिशवी घेऊन उठल्या. देवराव मान खाली घालून उभे राहिले. पण बाई फाटकाकडे न जाता सायकलीकडे गेल्या, बॅटरी बसवली आणि पदर खोचला.

"मी चालली खिंडसीले. येता का इथंच बसता?"

देवराव चपला न घालताच दुसऱ्या सायकलीवर निघाले होते. अंकुशने त्या मागून फेकल्या.

कन्हान ओलांडलं आणि दोन्ही सायकली पाठोपाठ बंद पडल्या. कॅरिअरच्या नादात चार्जिंग कोणी केलं होतं? पस्तीस किलोचं धूड पायांनी रेटणं साठीत जमणारं नव्हतं. दोघं रस्त्याकडेला उभी राहिली. कळमन्याच्या बाजारात संत्री उतरवून खिंडसीच्याच बाजूला परतणारा एक रिकामा टेम्पो थांबला. ड्रायव्हरने काही न विचारता दोन्ही सायकली मागे आडव्या टाकल्या, एका नायलॉनच्या दोरीने बांधल्या आणि दोघांना मागेच सायकलींशेजारी बसवलं. सगळं मिळून तीन मिनिटं.

टेम्पो निघाला. सिंधूताई टेम्पोत उरलेलं संत्रं सोलत होत्या आणि एकट्याच हसत होत्या. पस्तीस वर्षांत देवरावांनी त्यांना इतकं खुश पाहिलं नव्हतं. त्यांना बरं वाटलं, अगदी मनापासून. तरी त्यांचा हात दोरीच्या गाठीकडे गेलाच.

"हात नका लावू जी," सिंधूताईंनी फोड त्यांच्या तोंडात कोंबली. "चांगलं चाललं हाय."