पाचव्या काळ्या प्लगची चौकशी

मी फक्त बसून बघणार होतो. एका मंगळवारी साडेपाचला ऑफिसातून घरी आलो, ओली छत्री शेडमध्ये वाळत घालायला गेलो, तर समोर बायकोची मोटरसायकल उभी. म्हटलं, सीट कितपत कडक आहे ते तरी कळू दे. पाय टाकला आणि बसलो. पुढचं सगळं रामायण त्या एका बसण्यातून झालं.

ही मोटरसायकल रस्त्यावरची नव्हे. डर्ट बाइक. हिला दिवा नाही, आरसा नाही, मागे कुणाला बसवायची सोय नाही (हे मला फार लागलं होतं). खड्ड्याचिखलातून उड्या मारायच्या, एवढंच हिचं काम. त्यात ही टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून पाजायचं. बायको चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते. दिवसभर बारीक काम करून डोळ्यांचं पाणी होतं, म्हणून रविवारी तरी तिला काहीतरी मोठं आणि दांडगं हवं होतं. तिने गाडी आणली त्या दिवशी मी वीस मिनिटं भाषण दिलं. या वयात हे शोभतं का, हाडं मोडली तर करणार कोण, लोक काय म्हणतील. तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "झालं का? मग शेडमधली तुमची रद्दी हलवा. गाडीला जागा लागेल."

एवढं बोलून बसल्यावर 'मलाही जरा बसू दे' असं कोणत्या तोंडाने म्हणणार?

आणि मला बसायचं होतं. आता तुमच्यापाशी काय लपवायचं, मी जळत होतो. रविवारी दुपारी ती गावाबाहेरच्या बंद पडलेल्या खडीच्या खाणीत फेऱ्या मारून परत यायची ती नखशिखांत चिखलाने माखून, आणि अशी हसत यायची की बघत राहावं. एकोणीस वर्षांच्या संसारात मी तिला तसं दोनदाच हसवलं आहे. त्यातल्या एका वेळी मी जिन्यावरून पडलो होतो.

तर मंगळवारी बसलो. बुधवारी तिचं हेल्मेट घालून बसलो. गुरुवारी किक मारली. पहिल्या दिवशी अठरा किका लागल्या, पुढे हात (म्हणजे पाय) बसला आणि एका किकमध्ये चालू करू लागलो. चोक ओढायचा, किक मारायची. चोक आत ढकलला की इंजिन आचके द्यायचं आणि माझा जीव खालीवर व्हायचा, म्हणून मी चोक ओढलेलाच ठेवायचो. गाडी स्टँडवर, मी गाडीवर, दहा मिनिटं. मग सगळं पुसून, हेल्मेट खुंटीला लावून, सात वाजता बायको यायच्या आत मी पेपर वाचत बसलेला. आठवडाभर एका जागी उभं राहून यंत्र आखडतं, त्याला जरा व्यायाम होतो, अशी माझी समजूत. मी गाडीची सेवाच करत होतो म्हणा ना.

आता साडूंकडे येतो. येणं भागच आहे, कारण ते सगळीकडे असतातच. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. लिफ्ट दुरुस्त करतात. बोलणं कमी आणि हातात कायम एखादा पाना. गाडी खाणीपर्यंत न्यायची तर ती साडूंच्या टेम्पोतून. पुढे साडू आणि बायको, आणि मागच्या हौद्यात गाडी कलंडू नये म्हणून तिला कवटाळून बसलेला मी. काचेतून मला त्या दोघांच्या माना दिसायच्या. ऑइल, टायर, वळणं, काय काय बोलणं चाललेलं असायचं. गैरसमज नको, माझा संशय तसला नव्हता. पण घरात नळ गळला तरी "भाऊजींना विचारते", मिक्सर अडला तरी "भाऊजींना विचारते". एकोणीस वर्षांत "ह्यांना विचारते" असं ती कधी म्हणाल्याचं मी तरी ऐकलं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्याच सुमारास गाडी दगा देऊ लागली. खाणीत तिसऱ्या फेरीला फटफट करून बंद पडायची. साडू प्लग काढायचे. प्लग म्हणजे बोटाएवढा तुकडा, इंजिनात ठिणगी पाडणारा. त्याच्या टोकावर ऑइल आणि काजळीचा थर बसला की ठिणगी पडत नाही, की गाडी गप्प. प्लग काढला की ओला आणि काळाकुट्ट निघायचा. साडू दर रविवारी घरी परतल्यावर नवा घालायचे आणि पुढच्या रविवारी तोही काळा.

पहिल्या रविवारी साडूंनी एअर फिल्टर धुतला. दुसऱ्या रविवारी ऑइलचं प्रमाण मापाने मोजून घेतलं. तिसऱ्या रविवारी कार्बोरेटर उघडून त्यातला पेट्रोल सोडणारा जेट बदलला. चौथ्या रविवारी ते नुसतेच गाडीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "विचार करावा लागेल." साडूंना विचार करावा लागतोय हे ऐकून मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी दोनदा जेवलो.

बायकोला मात्र घास गेला नाही. टेकडीच्या शर्यतीसाठी तिच्या डर्ट बाइक क्लबात निवड चालू होती. खाणीत न थांबता पाच फेऱ्या पूर्ण करायच्या, संधी तीन. दोन संधी त्या काळ्या प्लगांनी खाल्ल्या होत्या. तिसरी येत्या रविवारी. तीही गेली की वर्षभर थांबा.

"गेले चार महिने मी त्या टेकडीचीच स्वप्नं बघतेय," ती म्हणाली. तेव्हा कुठे मी ठरवलं की प्रकरण आपण हातात घ्यायचं. मी विमा कंपनीत दाव्यांच्या चौकशीवर आहे. खोटा दावा मी कागदाच्या वासावरून ओळखतो. आमच्या खात्यात पहिला प्रश्न असा, की नुकसान झाल्याने भाव कुणाचा वाढला? साडूंचा. दर रविवारी गाडी बंद पडते आणि दर रविवारी साडू पाना घेऊन धावतात. आणि शेडची दुसरी किल्ली कुणाकडे? साडूंकडे. (मी टाळी वाजवली. शेडमध्ये गाडीवर बसूनच हे सुचलं होतं.)

सोमवारी सकाळीच मी शेडचं कुलूप बदललं. नव्या कुलपाची एकच किल्ली ठेवली, ती माझ्या चष्म्याच्या घरात.

"एवढं कशाला?" बायकोने विचारलं.

"गाडीच्या सुरक्षेसाठी. तुला आठवड्यात लागणार आहे का?"

"कुठली लागतेय. शाळा सुरू होतायत, पोरांच्या चष्म्यांची रांग लागलीय. शनिवारपर्यंत मान वर करायला फुरसत नाही."

तिने माझ्याकडे जरा कौतुकाने बघितलं. निदान मला तरी तसं वाटलं. त्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी शेडमध्ये पहारा दिला. पहारा द्यायचा म्हणजे बसायला हवं, आणि तिथे बसायला दुसरं काही नव्हतं. बसल्यावर किक मारणं ओघानेच आलं. उलट शर्यत जवळ आली म्हणून व्यायाम दहाऐवजी वीस मिनिटं दिला.

शनिवारी चार वाजता साडू आले ते अंड्यांचा ट्रे घेऊन. त्यात चार जुने प्लग ओळीने उभे करून प्रत्येकाला तारखेची चिठ्ठी बांधलेली. मी रुबाबात कुलूप उघडलं. साडूंनी पाचवा प्लग काढला आणि उजेडात धरला. ओला, काळाकुट्ट.

बायको उपड्या बादलीवर बसली. नुसती हाताची नखं बघत राहिली.

"रविवारी नवा घातला होता," साडू म्हणाले. "त्यानंतर गाडी बाहेर गेली?"

"नाही हो भाऊजी. चाकांवरचा चिखलसुद्धा तसाच आहे."

"मग बिघाड गाडीत नाहीच. नवा प्लग उभ्या गाडीत काळा होत नाही. ही कुणीतरी रोज चालू करतंय. चोक ओढून, जागच्या जागी. चोकमुळे पेट्रोल-ऑइल जादा जातं, इंजिन तापत नाही, ऑइल जळत नाही, ते सगळं प्लगवर येऊन बसतं. टू-स्ट्रोकला एवढं पुरतं."

शहाण्या माणसाने इथे तोंड मिटून घेतलं असतं. मी त्या सगळ्यातलं 'कुणीतरी' तेवढंच ऐकलं. शिवाय माझा अहवाल शुक्रवारीच लिहून तयार होता (चौकशीआधी अहवाल लिहून ठेवायची आमच्या खात्याची पद्धत आहे, वेळ वाचतो). मी फाइल उघडली, घसा साफ केला आणि वाचायला लागलो.

"मुद्दा एक. सोमवारी सकाळी कुलूप बदलण्यात आलं. मुद्दा दोन. किल्ली एकच असून ती प्रस्तुत अधिकाऱ्याच्या चष्म्याच्या घरात होती. मुद्दा तीन. शेडच्या खिडकीला गज आहेत. मुद्दा चार. सोमवार ते शनिवार, प्रस्तुत अधिकारी वगळता एकही व्यक्ती आत शिरलेली नाही, याची लेखी हमी देण्यात येते. निष्कर्ष. सबब, प्लगच्या स्थितीस जबाबदार असलेली व्यक्ती..."

इथे मी फाइल मिटली. प्लग स्वच्छ निघणार हे धरून मी तो निष्कर्ष लिहिला होता. साडूंना बाहेर ठेवलं म्हणून प्लग वाचला, असं पुढचं वाक्य होतं.

साडूंनी प्लग ट्रेमध्ये पाचव्या खड्ड्यात ठेवला.

"म्हणजे आठवडाभर आत फक्त तुम्ही होता," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात जिंकल्याचा लवलेशही नव्हता. तो असता तर मला भांडता तरी आलं असतं.

"अहो?" बायको म्हणाली.

"मी फक्त बसत होतो."

"चालू करून?"

"चालू करून. पण फक्त बसत होतो."

शेडच्या गजांच्या खिडकीसमोर आमच्या स्वयंपाकघराची खिडकी आहे. तिथून माझ्या आईचा आवाज आला. "रोज तर बसतो. महिना झाला. टोपडं घालून. वळण आलं की एका अंगाला झुकतो पण."

"आई, तू आत जा."

"आणि तोंडानेही आवाज काढतो," आई म्हणाली आणि आत गेली.

साडूंनी अचानक वाकून चाकातली हवा बघायला घेतली. भला माणूस.

मग मी सांगून टाकलं. म्हटलं, "जळायचो मी. तू फेऱ्या मारून येतेस ती इतकी खूश असतेस, आणि त्यात माझा काही वाटा नसतो. म्हटलं, एवढं आहे काय त्या गाडीत, ते बघू. आणि तुला विचारायची लाज वाटली, तेवढं भाषण ठोकल्यावर."

मला वाटलं, ती हसेल. हसली असती तर मी सुटलो असतो. ती उठली आणि हात पुढे केला. "दोन संधी गेल्या माझ्या. किल्ली द्या."

मी चष्म्याचं घरच तिच्या हातात दिलं.

त्या संध्याकाळी घरात माझ्याशी फक्त आई बोलली, आणि तीही दिवा बंद कर एवढंच. रविवारी मी न सांगता टेम्पोच्या हौद्यात चढलो आणि गाडीला धरून बसलो. खाणीत साडूंनी सगळ्यांसमोर नवा प्लग घातला. बायकोने माझ्याकडे न बघता किक मारली आणि गेली. एक फेरी झाली, दोन झाल्या. तिसऱ्या फेरीला ती खाणीच्या पलीकडच्या चढावर दिसेनाशी झाली आणि मी साडूंचा हात घट्ट धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही. मग आवाज आला, ताशासारखा खणखणीत, आणि ती वर आली. चौथी झाली, पाचवी झाली. निवड करणाऱ्याने वहीत तिच्या नावापुढे खूण केली आणि मी एवढ्या जोरात ओरडलो की शेजारच्या क्लबातले लोक चौकशीला आले.

ती गाडी घेऊन थेट माझ्यापाशी आली. हेल्मेट काढलं. चिखलातून फक्त दात दिसत होते. ती हसत होती, आणि या खेपेस माझ्याकडे बघून.

"या," ती म्हणाली. "उतरले मी. एक फेरी मारा."

"मी?"

"महिनाभर सराव केलाय ना? बसा."

बघता बघता तिच्या क्लबातली दहाबारा माणसं जमली. तिने हेल्मेट माझ्या डोक्यावर चढवलं, पट्टा आवळला. मी पाय टाकून बसलो, चोक ओढला आणि एका किकमध्ये गाडी चालू केली. लोकांमध्ये वाहवा झाली. एक बाई म्हणाल्या, "पक्के दिसतायत." साडूंनीही मान डोलावली. आयुष्यात पहिल्यांदा मी बायकोच्या लोकांसमोर ताठ मानेने बसलो होतो, आणि वाटलं, हे असंच थांबावं.

थांबलंच. कारण पुढे काय करायचं ते मला माहीत नव्हतं. शेडमध्ये समोर भिंत होती, इथे खाण होती. भीतीने माझा डावा हात क्लचवरून हलेना.

"जा ना," बायको म्हणाली.

"हो, जरा गरम होऊ दे."

"गरमच आहे ती. आत्ताच पाच फेऱ्या मारल्यात."

"तरी पण."

एक मिनिट गेलं. दोन गेली. लोक आधी कुजबुजले, मग चहाकडे वळले. मागून धुराचा एक निळा ढग हळूहळू माझ्या हेल्मेटपर्यंत आला. साडूंनी एकदा घड्याळाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि खिशातून नवा प्लग काढून त्याचं वेष्टण फोडायला घेतलं.