चार इंच माया

“आजपासून मी कात्रीला हात लावणार नाही!”

मास्तरांनी भर दुकानात जाहीर केलं आणि कात्री इंचीबाईंच्या हातात दिली. तीस वर्षं लोकांचे कोट-पँट कापणाऱ्या शिंप्याच्या तोंडून हे ऐकून मशीनसुद्धा क्षणभर थांबलं. पण मास्तर भलतेच खुशीत होते. त्यांना म्हणे धंद्याचं मर्म सापडलं होतं!

खरं तर ते सापडलं होतं भाचेजावयांना. हे जावई धंदेवाल्यांना सल्ला देण्याचा धंदा करत. समोर तयार कपड्यांचं तीन मजली दुकान उघडलं आणि मास्तरांची अर्धी गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून पलीकडे गेली, म्हणून भाचीने नवऱ्याला मामाच्या मदतीला धाडलं होतं. जावई दिवसभर स्टुलावर बसून मास्तरांकडे टक लावून बघत राहिले.

“मामा, तुम्हीच माप घेता, तुम्हीच कापता, काज करता, इस्त्री करता, वर दुकानही झाडता! मालक आहात की सर्कस?”

“मग काय करू, जावईबापू? दुसऱ्याच्या हाताला ती सफाई नाही.”

“इथेच घोडं अडतंय! आपल्याला जे सगळ्यात चांगलं जमतं तेवढंच धरायचं, बाकीचं वाटून टाकायचं. आणि तुमचं खरं बळ म्हणजे तुमची जीभ! माणूस माप द्यायला येतो तेव्हा खाली मान घालून येतो, आणि जाताना बघा कसा छाती काढून जातो! तुम्ही फक्त मापं घ्या. कापायला इंचीबाई आहेत की!”

इंचीबाई अठरा वर्षं दुकानातल्या मशीनवर होत्या. पाव इंच इकडेतिकडे झालं तर त्यांना रात्री झोप लागत नसे. कुणाच्या घरी पडदा एका बाजूने लोंबताना दिसला, तर चहा तसाच ठेवून त्या उठून येत. कापायला याहून चोख माणूस कुठून आणणार?

आणि त्याच आठवड्यात बँडचं काम आलं. बारा वादक, बारा लाल कोट! नव्या पुलाच्या उद्घाटनाला ते घालून वाजवायचं होतं. कोट पसंत पडले तर पुढची पाच वर्षं बँडचं सगळं काम मास्तरांकडे. नाही पडले तर दुकानाचं शटर कायमचं खाली. मास्तरांनी बायकोला तसं सांगूनही टाकलं होतं.

पहिलं माप बँडच्या प्रमुखाचं. सगळे त्यांना कॅप्टन म्हणत. कॅप्टननी खोल श्वास घेतला आणि त्यांचं पोट कुठल्या कुठे गेलं. मास्तरांनी टेप गुंडाळला. श्वास किती वेळ कोंडणार? पोट हळूच परत आलं आणि टेप सरकत सरकत चाळीसवर गेला.

“छत्तीस!” मास्तर गोड आवाजात म्हणाले आणि वहीत लिहिलं.

कॅप्टननी वहीत डोकावून खात्री केली आणि मिशीतल्या मिशीत हसले.

आता तुम्हाला म्हणून सांगतो, मास्तरांची तीस वर्षांची रीतच ही. तोंडाने म्हणायचं छत्तीस, वहीत लिहायचं छत्तीस, कारण गिऱ्हाईक डोकावतं. आणि कापायला बसलं की खडू आपोआप चाळीसवर जायचा. माणूस खूश, कोटही अंगाला बरोबर! हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की आपण असं काही करतो हे खुद्द मास्तरच विसरून गेले होते. त्यांनी बाराही मापं तशीच गोड आवाजात घेतली आणि वही इंचीबाईंना दिली. इंचीबाई काय, वही सांगेल ते कापणार!

मग मास्तरांचे वाईट दिवस सुरू झाले. करायला कामच नाही! हात नुसते शिवशिवायचे. पहिल्या दिवशी त्यांनी कारागिरांना चार वेळा चहा केला. दुसऱ्या दिवशी दुकानाबाहेरच्या फुटपाथची लांबी मोजली. तिसऱ्या दिवशी इंचीबाईंच्या खांद्यावरून वाकून बघायला लागले.

“मास्तर, उजेड अडवू नका.”

“मी नुसता बघतोय.”

“जावईबापूंनी सांगितलंय, मालकांना बघूही द्यायचं नाही.”

घरी गेले तर फ्रिज मोजला, उशा मोजल्या, झोपलेल्या मांजराची कंबर मोजली. शेवटी बायको कावली.

“अहो, तुम्हाला रिकामं केलंय की माझ्या डोक्यावर बसवलंय? जा कुठेतरी!”

“कुठे जाऊ?”

“जावयाकडे जा! त्याचं घर मोजा!”

ट्रायलच्या दिवशी मात्र सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. बाराही कोट अगदी बेतल्यासारखे बसले! बसणारच. बाराही जण आरशापुढे पोट आत ओढून, श्वास रोखून उभे होते. वाद्य कुणीच आणलं नव्हतं, आणि बोलायचंही कुणी नाव घेत नव्हतं. कॅप्टननी फक्त मान डोलावली. जावयांनी मामांची पाठ थोपटली.

पुलावर तुफान गर्दी. पाहुण्यांनी फीत कापली. कॅप्टननी काठी वर केली. बारा जणांनी वाजवायला म्हणून छातीभर श्वास घेतला.

टप्! टप्! टपटपटप!

पहिलं बटण पाहुण्यांच्या पाण्याच्या ग्लासात पडलं. दुसरं फोटोग्राफरच्या कपाळावर. मोठ्या भोंग्यावाल्याचा कोट पाठीत उभा फाटला, तरी तो बिचारा डोळे मिटून फुंकतच होता. ड्रमवाल्याने हात उचलले आणि दोन्ही बाह्या खांद्यापासून सुटून हातात आल्या. लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे! त्यांनी टाळ्या वाजवल्या, “वन्स मोअर”सुद्धा ओरडले.

अर्ध्या तासात कॅप्टन दुकानात. मागे अकरा जण, कोट उघडे.

“मास्तर! हे काय शिवलंय?”

मास्तर तोंड उघडणार, तेवढ्यात इंचीबाई वही आणि टेप घेऊन उभ्या राहिल्या.

“वहीत काय आहे? छत्तीस. आता कोट मोजा. छत्तीस! पाव इंच कमी नाही, पाव इंच जास्त नाही.”

छत्तीस! आणि मास्तरांच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. आपला खडू कुठे जायचा ते आठवलं. आता खरं सांगावं तर कॅप्टनना अकरा जणांसमोर चाळीस म्हणावं लागणार, आणि न सांगावं तर काम जाणार!

कॅप्टननी टेप स्वतःच्या पोटाभोवती धरला. बघितला. पुन्हा बघितला. मग ते सावकाश आपल्या माणसांकडे वळले.

“ऐकलंत? पंधरा दिवसांपूर्वी मी छत्तीस होतो! वहीत लेखी आहे! पंधरा दिवसांत आपण सगळे सुटलो! लाज वाटली पाहिजे!”

अकराही जणांनी माना खाली घातल्या.

“उद्यापासून पहाटे सगळ्यांनी धावायचं! मास्तर, कोट दुरुस्त करून इथेच ठेवा. दर शनिवारी घालून बघू. महिन्याने शहराचं संचलन आहे. तोवर कोट अंगात बसले तर काम तुमचं!”

दुसऱ्या दिवसापासून बारा बँडवाले मास्तरांच्या खिडकीखालून धापा टाकत जायला लागले. भोंगेवाला तर प्रत्येक खांबाला टेकत जायचा. मास्तर रोज खिडकी लावून घेत.

“सांगून टाका ना खरं,” बायको म्हणाली.

“आणि शटर?”

मग त्यांना आठवली माया. शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात, त्याला शिवणकामात माया म्हणतात. इंचीबाईंनी प्रत्येक कोटात सगळ्या शिवणी मिळून बरोबर चार इंच माया सोडली होती. इंचीबाई दुपारी जेवायला घरी गेल्या, की मास्तर पडद्यामागे बसून शिवण उसवत आणि आठवड्याला एक इंच माया सैल करत. कात्रीला हात लावणार नाही म्हणाले होते, म्हणून ब्लेडने!

पहिल्या शनिवारी कॅप्टनचं खालचं बटण लागलं. “उतरलो!” ते ओरडले. भोंगेवाल्याने त्यांना मिठी मारली. आनंदाच्या भरात बाराही जण समोरच्या बेकरीत गेले आणि केक खाऊन आले. दुसऱ्या शनिवारी दोन बटणं लागली, दोन केक आले. वजन उतरतंय म्हटल्यावर धावणंही एक दिवसाआड झालं.

“मास्तर,” इंचीबाई एकदा कोट उलटा करून म्हणाल्या, “ही शिवण माझी नाही. वाकडी आहे.”

“धावल्याने वाकडी झाली असेल.”

“कोट कुठे धावलाय?”

मास्तरांनी घाईघाईने चहा टाकला.

चौथ्या शनिवारी माया संपली. दुसऱ्या दिवशी संचलन झालं आणि एकही बटण उडालं नाही! सोमवारी कॅप्टन बँडसकट करार घेऊन हजर. मास्तरांनी सही केली आणि महिन्याभरात पहिल्यांदा मोकळा श्वास सोडला.

“दोन गोष्टी सांगतो,” कॅप्टन म्हणाले. “नवे कोट याच बाई कापतील. लिहिलं तेच कापणारं माणूस मिळत नाही हो आजकाल! आणि माझं माप नव्याने घ्या. मी आता छत्तीसचा कुठे राहिलोय?”

मास्तरांनी टेप गुंडाळला. एक्केचाळीस. संचलनानंतरच्या केकचा इंच वाढला होता. बस्स, त्यांनी मनाशी ठरवलं, आता खरं सांगायचं, काय व्हायचं ते होऊ दे! त्यांनी वर पाहिलं. कॅप्टन श्वास कोंडून, डोळे मिटून उभे होते. दारात अकरा जण कान टवकारून. वही-पेन्सिल घेऊन इंचीबाई. मास्तरांनी घसा खाकरला, तोंड उघडलं, आणि तीस वर्षांच्या सवयीने जीभच बोलून गेली.

“चौतीस!”

“चौतीस,” इंचीबाईंनी लिहून घेतलं. “आणि मास्तर, या खेपेला माया सोडायची नाही. जावईबापू म्हणाले, कापड फुकट जातं.”