तीर्थातलं पान

आमचे शेजारी तात्यासाहेब कोणाच्याही घरी तीर्थ घेण्याआधी ते हुंगायचे. भटजी पळी घेऊन खोळंबलेले आणि हे तळहातात नाक खुपसून विचारणार, "तुळस कुणाच्या अंगणातली, भिया?" तुकोगंजातल्या आमच्या गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

संस्थान गेलं, मध्यभारत झाला, पण दरबारच्या बागखात्यातून निवृत्त झालेल्या तात्यासाहेबांचं खातं काही बंद झालं नव्हतं. सकाळी किडी वेचायचा चिमटा आणि राखेचा डबा घेऊन ते न विचारता कोणाच्याही अंगणात हजर. "पहले हात, फिर राख, आणि अगदीच नाइलाज झाला तर तमाखूचं पाणी!" तमाखूचं पाणी मारलं की रोपाला लाल चिंधी बांधायची. ती ते स्वतः सोडेपर्यंत फळाला हात लावायची कोणाची बिशाद नव्हती. आमच्या दोडक्याला एकदा इतक्या चिंध्या झाल्या, की एका पाहुणीनं नवसाचा वेल समजून नमस्कार केला.

मला हा सगळा म्हातारचळ वाटे. मी सरकारी कचेरीतला शिकलेला माणूस! तुळशीवर मावा पडला तेव्हा मी हातोदच्या बाजारातून डीडीटीची पुडी आणली आणि झकास भुरभुरली. तात्यासाहेबांना दिसू नये म्हणून वर पानं फुंकून साफ केली. घरात कोणाला सांगितलं नाही आणि स्वतःही विसरलो.

चौथ्या दिवशी आमच्याकडे सत्यनारायण होता. तुळशीची पानं सौ.नं खुडली. कथा संपली, तीर्थ वाटायला लागले. तात्यासाहेबांनी हुंगलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"रुका! कोणी प्यायचं नाही! भिया, तुळशीवर काय टाकलंत?"

"डीडीटी," मी म्हटलं. पहिलं तीर्थ पोरांना दिलेलं, आणि आमची पाच वर्षांची कुसुम पान चघळत उभी होती.

तात्यासाहेबांनीच तिच्या तोंडातून पान काढलं, चुळा भरायला लावल्या, डॉक्टरांना बोलावणं धाडलं. "पुडी आणा. त्यावर काय लिहिलंय ते डॉक्टरसाहेबांना दिसलं पाहिजे." मी पुडी आणली, ती त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली. सौ. माझ्याकडे बघत होती. ती नजर मी जन्मात विसरणार नाही.

डॉक्टरांनी सगळ्या पोरांना तपासलं. म्हणाले, पोटात फारसं गेलेलं नाही, संध्याकाळपर्यंत लक्ष ठेवा. माणसं पांगली. प्रसादाचा शिरा तसाच राहिला. तात्यासाहेब मात्र ओसरीवरून हलले नाहीत. कुसुम बाहुली घेऊन आत खेळत होती आणि हे दर थोड्या वेळानं हाक मारत होते, "कुसुम!" ती ओरडायची, "काय आजोबा?" हे म्हणायचे, "काही नाही बेटा."

दिवेलागणीला मी म्हटलं, "तात्यासाहेब, आता ठीक आहे ती. घरी जाऊन दोन घास खा."

"जातो," ते म्हणाले, पण उठले नाहीत. "आमच्या गोदीनं, माझ्या लेकीनं, काकडी खाल्ली होती, भिया. औषध मीच मारलं होतं, खात्यातलं. मी आपला बागेत काम करत राहिलो. जेवायला हाक मारली, तर तिनं ओ दिली नाही."

 त्यांनी पुन्हा आत तोंड करून हाक मारली. कुसुम वैतागून म्हणाली, "आहे ना मी, आजोबा!"

"हो," ते म्हणाले, "आहेस."