मुनीरचाचांना 'बरंय का?' विचारू नये

आमच्या गल्लीत नव्याने राहायला येणाऱ्याला आधी नळाची वेळ सांगतात आणि लगेच दुसरी सूचना देतात, की कोपऱ्यावरच्या गादीवाल्या मुनीरचाचांना चुकूनही 'बरंय का?' विचारू नका. नळाची वेळ चुकली तर पाणी जातं. हे चुकलं तर अख्खा दिवस जातो.

तसं पाहिलं तर 'बरंय का?' हा प्रश्नच नव्हे. रस्त्यात आडव्या आलेल्या माणसाला ओलांडून जायचा तो एक प्रकार आहे. त्याने 'बरंय' म्हणायचं, आपण मान हलवायची आणि दोघांनी आपापल्या दुःखाकडे निघून जायचं. सगळा नगर जिल्हा या दोन शब्दांवर चालतो. एक मुनीरचाचा सोडून. त्यांना कुणी विचारलं की ते हातातला कापूस खाली ठेवत, चष्मा कपाळावर चढवत आणि म्हणत, "लांबनं सांगतो."

मग डाव्या गुडघ्यापासून सुरुवात. तो कधी दुखू लागला, त्या दिवशी वारा कुठला होता, रात्री झोप किती वाजता मोडली, सकाळी पोट कसं होतं. एकदा शिर्डीच्या एसटीतल्या कंडक्टरने खिडकीतून हात करून विचारलं, "काय चाचा, बरंय का?" चाचा उत्तर द्यायला गाडीत चढले. आतल्या भाविकांची दुपारची आरती हुकली, आणि काहींना तर थेट शेजारतीच मिळाली असं म्हणतात. एका उमेदवाराने प्रचारात हात जोडून हाच प्रश्न विचारला. त्याचा प्रचार चाचांच्या दुकानासमोरच संपला आणि तो पडला. पडला तो मतांमुळे असं विरोधक म्हणतात, पण आम्ही गल्लीवाले खरं काय ते जाणतो.

चाचांचं दुकान म्हणजे पत्र्याचं एक खोकं. आत कापूस पिंजायचं यंत्र आणि त्याने उडवलेला पांढरा धुरळा. त्यात चाचा बारा महिने हिमालयात अडकलेल्या फकिरासारखे दिसत. फोमच्या गाद्या आल्या, आणि यंत्र कधीमधीच खोकू लागलं. टिकून राहिली ती बाळाची मोहरीची उशी. तान्ह्याचं डोकं गोल व्हावं म्हणून मोहरी भरून शिवलेली ती एवढीशी उशी राहुरीत चाचांसारखी कुणी शिवत नाही. घरात मूल जन्मलं, की आधी चाचांकडे उशी सांगायची आणि मग पेढे.

उशी न्यायला बाप आला, की चाचा ती हातातून सोडत नसत.

"डॉक्टर ठरला का?"

"कशाला चाचा? पोरगं ठणठणीत आहे."

"मंग आत्ताच ठरवायचा. तहान लागल्यावर हीर खांदतो का तू?"

चाचांनी राहुरीपासून नगरपर्यंत आणि इकडे श्रीरामपूरपर्यंत यच्चयावत बालरोगतज्ज्ञांना स्वतःचा गुडघा दाखवलेला होता. बाकावर कडेवरच्या पोरांच्या रांगेत पांढरी दाढी घेऊन बसत. आत गेले की डॉक्टर म्हणत, "काका, हा लहान मुलांचा दवाखाना आहे."

"ठावं हाय. गुडघ्याचं निमित्त. मी तुमाला बघाया आलोय."

पोहे सोडले तर मुलगी पाहण्याचा अगदी रीतसर कार्यक्रम. परत आले की गल्ली निकाल ऐकायला जमायची.

"हुशार हाय, पर वाक्य पुरं करू देत न्हाई. मी लांबनं सांगत हुतो, गुडघ्याच्या म्होरं गेलोबी न्हाई, तवर गोळ्या लिहून मोकळा. नापास."

दुसऱ्या एकाच्या भिंतीवर पदव्या इतक्या, की वजनाने भिंत आत आली होती. तोही नापास. "घरी गेल्यावर काय झालं तर घाबरायचं न्हाई आनि काय झालं तर पळत यायचं, हे आईला सांगतच न्हाई. ती बिचारी रात सारी काय कपाळ बघती का पोराचं?"

पास झाल्या त्या फक्त टेशन रोडच्या नव्या डॉक्टरीणबाई. त्यांनी गुडघ्याची सगळी कहाणी पार वाऱ्याच्या दिशेसकट ऐकली आणि म्हणाल्या, "काका, हे मला कळत नाही. हाडांच्या डॉक्टरांकडे जा." चाचा उड्या मारत बाहेर आले, ज्या गुडघ्याची तक्रार होती त्याच गुडघ्यावर. "न्हाई कळत म्हनली! शिकल्यासवरल्या मानसाच्या तोंडून हे आयकायला नशीब लागतं. आनि नळी पोराच्या छातीला लावायच्या आधी तळहातावर चोळून ऊन करती. डोळं झाकून जावा."

पण नुसता डॉक्टर निवडून भागत नसे. आईबापांची तालीम व्हायची. चाचा गादी मोजायची टेप गळ्यात टाकून कापसाच्या गठ्ठ्यावर बसत. समोर माझी बायको सुनंदा, तिच्या मांडीवर आमची मनू आणि शेजारी माझी आई.

"बोला बाई."

"ताप आहे."

"ताप मी बघीन. पोर कसं हाय ते सांगा. खेळतंय? पितंय? कापडं ओली करतंय? आनि घरी काय काय दिलंत?"

सुनंदा माझ्या आईकडे बघू लागली. चाचांनी टेप आपटली.

"सांगा! घुटी दिली, अंगारा लावला, शेजारच्या पोराची बाटली पाजली, समदं सांगायचं. डॉक्टर म्हंजे काय सासरा हाय का, पदर घ्यायला? आनि एक शब्द तिथं काढायचा न्हाई. 'बरंय' म्हनायचं न्हाई. कसं हाय ते सांगायचं."

मलाही बसवायचं त्यांच्या मनात होतं. पण मी हायस्कूलला मराठी शिकवतो. मला बोलायला कोण शिकवणार?

मनू दीड वर्षाची असताना तिला उलट्या-जुलाब सुरू झाले. पहिल्या दिवशी औषध घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी उलट्या थांबल्या, पोर शांत झाली. जरा जास्तच शांत. डॉक्टरीणबाईंनी दाखवायला बोलावलंच होतं म्हणून गेलो. चाचाही आले. त्यांना बोलवावं लागत नसे.

दवाखान्यात जत्रा. बाई एका खोलीतून दुसरीत जाता जाता आम्हाला पाहून क्षणभर थांबल्या. "काय सर, बरंय ना आता?"

आणि मी, मराठीचा मास्तर, हसून मान हलवत म्हणालो, "बरंय, बरंय."

बाई पुढे निघाल्या.

"बरं न्हाई!"

बाकावरून असा आवाज आला, की अर्धी पोरं रडायला लागली आणि उरलेली रडायची थांबली. चाचा उभे राहिले होते. टोपी खाली पडली होती. "बाई, जाऊ नगा! बरं न्हाई! ते सवयीनं बोलले. सुनंदा, तू सांग. अगं सांग की!"

लोकांना वाटलं म्हातारं फिरलं. कंपाउंडर दंडाला धरायला आला. डॉक्टरीणबाई मात्र मागे वळल्या, सुनंदाशेजारी बाकावर बसल्या आणि तिच्याकडे बघत एवढंच म्हणाल्या, "कधीपासून?"

सुनंदा तालमीतलं बोलू लागली. सकाळपासून कपडे कोरडे आहेत. पाणी तोंडात घेते आणि सोडून देते. रडते, पण डोळ्यांत पाणी नाही. आता तर रडतही नाही. बाईंनी मनूच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती हळूहळू खाली बसली. मग त्यांनीच तिला उचललं आणि आत नेलं.

सलाईन लागलं. आम्हा दोघांना तिथे काही काम नव्हतं. त्या एवढ्याशा हाताला पट्टी बांधलेली बघत बसणं हे काम असेल तर ते होतं. उन्हं उतरताना मनूने डोळे उघडले, हात पुढे करून बिस्कीट मागितलं आणि दिलेलं बिस्कीट माझ्या तोंडावर फेकलं. बाई म्हणाल्या, "आता ठीक होईल."

हे सांगायला मी बाहेर धावलो. चाचा बाकावर भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्यांनी ऐकलं, टोपी घातली आणि काही न बोलता निघून गेले. माणूस असा, की गुडघ्यावर तासभर बोलेल. आणि इथे एक शब्द नाही.

आमचा डबा चाची घेऊन आल्या. चाची म्हणजे चाचांच्या घरातलं 'थोडक्यात' होतं. चाचांचं लांबण जिथे संपे तिथे त्या एक वाक्य बोलत. त्या दिवशी मात्र त्या सुनंदाजवळ बसल्या आणि मनूच्या पायावरून हात फिरवत राहिल्या.

"एवढीच हुती आमची शब्बो."

आम्हाला माहीतच नव्हतं. चाचांना मूलबाळ नाही, एवढंच गल्लीला ठाऊक.

"ताप हुता. दवाखान्यात घेऊन गेल्तो. मोठे डॉक्टर हुते तवाचे, आता न्हाईत ते. पोर माझ्या मांडीवर. डॉक्टर घाईत बाहेर आले, ह्यांच्या खांद्यावर हात ठिवला आनि म्हनाले, 'काय मुनीर, बरंय का?' एवढ्या लोकांत साहेबानं नाव घेऊन इचारलं. ह्यांनी हात जोडले. म्हनाले, 'बरंय साहेब, तुमच्या कृपेनं.' साहेब मान हलवून गाडीत बसले."

चाचींनी डब्याचं झाकण लावलं. ते आधीच लागलेलं होतं.

"ह्यांना वाटलं, साहेबांनी आपली इचारपूस केली. साहेबांना वाटलं, ह्यांनी पोरीचं सांगितलं. रात काय तिनं काढली न्हाई." मग म्हणाल्या, "चूक कुनाचीच न्हाई. मंग रागवायचं तरी कुनावर?"

त्यानंतर मी चाचांना रोज 'बरंय का?' विचारायला लागलो. शाळेला उशीर झाला तरी विचारायचो. गल्लीला वाटलं मास्तरही फिरला.

गेल्या थंडीत चाची गेल्या. झोपेतच गेल्या. त्यांच्या स्वभावाप्रमाणे, थोडक्यात. चाळिसाव्या दिवसाचे विधी झाले, पाहुणे पांगले, आणि चाचांनी दुकान उघडलं. यंत्र तेवढं बंद होतं. परवा एक नवा बाप उशी न्यायला आला. चाचांनी उशी कागदात गुंडाळली आणि देऊन टाकली. डॉक्टर ठरला का, हे विचारलंच नाही. तो खूश होऊन गेला. मला मात्र समोरच्या टपरीवर चहा जाईना.

रस्ता ओलांडून गेलो. हातातली पिशवी आधीच खाली ठेवली, म्हणजे गुडघ्यापासून वाऱ्यापर्यंत सगळं निवांत ऐकता येईल.

"चाचा, बरंय का?"

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला नाही. कापूसही खाली ठेवला नाही.

"बरंय," ते म्हणाले.

मी चपला काढल्या, आत जाऊन कापसाच्या गठ्ठ्यावर त्यांच्या शेजारी बसलो.

"कधीपासून?"

चाचा कापसाची सरकी वेचत राहिले. मग त्यांचा हात थांबला.

"लांबनं सांगावं लागंल, मास्तर."

"सांगा की."