भांडणविरहित दिवस : सत्तावीस

बिशपसाहेबांचं पत्र आलं, त्या रविवारी आमच्या कंपनीच्या गेटवरची पाटी सांगत होती, ‘अपघातविरहित दिवस : ४१२’. मुद्दाम सांगतो, कारण त्यातला एकेक दिवस मी राखलेला! चाकणच्या त्या कंपनीत मी सेफ्टी ऑफिसर आहे. हेल्मेट नसेल तर मी मालकालाही गेटवरून परत पाठवलंय. (एकदाच. नंतर माफी मागितली.)

रविवारी मात्र मी चऱ्होलीतल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीचा सेक्रेटरी. एकेचाळीस कुटुंबं, एक पाळकसाहेब, एक ढोलकी, एक कीबोर्ड आणि आबाजींनी भाड्यानं दिलेली पत्र्याची शेड. पूर्वी तिथं कांदा साठवायचे. शेडीला लागून आबाजींचं घर, त्याला लागून त्यांच्या धाकट्या भावाचं, धोंडीबांचं. मध्ये भलीमोठी भिंत.

पत्रात चारच ओळी होत्या. गेल्या वर्षी तुमच्या मंडळीतून एकमेकांविरुद्ध तेवीस तक्रारअर्ज आले. चार आठवड्यांनी, रविवारी मी येतो आहे. तोवर शांतता दिसली नाही, तर तुम्हाला पिंपरीच्या मोठ्या मंडळीत सामील करू आणि पाळकांची बदली करू.

पाळकसाहेबांनी पत्राची घडी घातली. “शेखरभाऊ, सामान बांधायला घ्यावं म्हणतो.”

माझी आई दवाखान्यात होती, तेव्हा हा माणूस नऊ दिवस बाकड्यावर बसून होता. त्याला असा जाऊ देऊ?

“साहेब, सामान राहू द्या!” मी म्हणालो. “मी सिस्टीम लावतो!”

सोमवारी पाटी तयार. हिरवा रंग, पांढरी अक्षरं, आकडे अडकवायला चार हूक. ‘आमच्या मंडळीत भांडणविरहित दिवस’. आता लावायची कुठं? आमचे ढोलकीवाले ज्योतीरामभाऊ म्हणाले, आत, माझ्या डोक्यावर. महिला मंडळाच्या विमलबाई म्हणाल्या, “बाहेर लावा की! येणाऱ्या-जाणाऱ्याला साक्ष होईल. सुवार्ता काय ढोलकीखाली झाकून ठेवायची?”

“ढोलकीचं नाव काढायचं काम नाही!”

“का? नऊ वर्षं ऐकतेय, नाव काढलं तर काय झालं?”

पाऊण तास चाललं. शेवटी पाटी बाहेर, रस्त्याच्या तोंडाला लागली आणि तिच्यावर पहिला आकडा लागला तो शून्य.

पण नंतर काय सांगू राव! नऊ वर्षं आम्ही पत्रिका वाटल्या, नाताळात गाडीवर तारा लावून फिरलो, यूट्यूबवर उपासना टाकली (एकूण प्रेक्षक अकरा, त्यातले चार माझे मेहुणे). एवढ्यानं जेवढी माणसं थांबली नाहीत, तेवढी त्या पाटीपुढे आठवड्यात थांबली! बसचा ड्रायव्हर गाडी हळू करून आकडा बघायचा. समोरच्या सोसायटीचे चेअरमन येऊन पाटी कुठं बनवली ते विचारून गेले. आणि आबाजी रोज सकाळी खाटेवरून आवाज द्यायचे, “काय सेक्रेटरी, आज किती?”

“सहा, आबाजी!”

“आरं तिच्या!”

सातव्या दिवशी संकट आलं. ज्योतीरामभाऊंनी गायन संपल्यावरही ढोलकीवर दोन थापा जास्त मारल्या. विमलबाईंनी तोंड उघडलं. अख्ख्या मंडळीनं श्वास रोखला. विमलबाईंनी पाटीच्या दिशेनं पाहिलं आणि तोंड मिटलं! आता हे भांडण धरायचं की नाही?

मला उत्तर ठाऊक होतं. कंपनीत अपघात होता होता टळला, तर त्याला ‘नियर मिस’ म्हणतात. तो दडवायचा नसतो, फॉर्मवर लिहून द्यायचा असतो. मी दोनशे फॉर्म छापून आणले. लोकांना कळावं म्हणून एक नमुना स्वतः भरून फाइलीत वरच लावला. “बोलायचं नाही,” मी बजावलं. “राग आला की लिहायचं, घडी घालायची, पेटीत टाकायचं!”

पुढच्या रविवारी पेटी भरून वाहिली. विमलबाईंनी एकटीनं एकोणीस फॉर्म भरले होते.

पण शांतता? अहो, सुई पडली तर ऐकू यावी! उपासनेनंतरच्या प्रीतिभोजनाला पूर्वी जेवणाऱ्यांचा गलका असायचा, “अगं, माझ्या ताटात रस्सा कमी का?” वगैरे. आता सगळे खाली मान घालून जेवायचे आणि खिशात पेन चाचपायचे. पाळकसाहेबांना मी म्हणालो, “बघा, कशी जरब बसलीय!” ते नुसतं हसले, आणि तेही फारसं नाही.

बिशपसाहेब आले तेव्हा पाटीवर सत्तावीस होते. गाडीतून उतरताच त्यांनी पाटी वाचली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तिथंच थांबायला हवं होतं. पण ऑडिटला आलेल्या माणसाला कागद दाखवल्याशिवाय आम्हा सेफ्टीवाल्यांना चैन पडत नाही! उपासनेत मी उभा राहिलो आणि फाइल त्यांच्या हातात दिली.

“साहेब, सत्तावीस दिवस, भांडण शून्य! टळलेली भांडणं एकशे चौदा! सगळी नोंद आहे!”

बिशपसाहेबांनी मधेच एक फॉर्म काढला. माईक चालू होता.

“‘ज्योतीरामभाऊंनी मुद्दाम दोन थापा जास्त मारल्या. मी काही बोलले नाही. विमलबाई.’” त्यांनी पान उलटलं. “‘विमलबाईंनी माझी ढोलकी सुरू होताच डोळे मिटले. प्रार्थनेची वेळ नव्हती. मी काही बोललो नाही. ज्योतीराम.’”

शेडीत खुर्च्या करकरल्या. मी म्हणालो, “साहेब, पुढचं नंतर...” पण त्यांनी आता सगळ्यात वरचा कागद घेतला होता.

“‘मागच्या भेटीत बिशपसाहेबांचा संदेश एक तास दहा मिनिटं चालला. भात गार झाला. आम्ही कोणी काही बोललो नाही.’” त्यांनी चष्मा काढला. “हे कोणाचं?”

तो माझा नमुना होता!

“भाताचं खरंय!” मागून कुणीतरी ओरडलं. झालं, बांध फुटला! “डोळे मिटले म्हणजे काय, दुखत होते माझे!” “थापा मोजायला येता का उपासनेला?” एकशे चौदा टळलेली भांडणं एकाच वेळी टळायची थांबली! पाळकसाहेब हात जोडून मधे उभे. मला मनातल्या मनात त्यांच्या सामानाचा टेम्पो दिसायला लागला.

तेवढ्यात दारातून आबाजी आत आले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. माणसं वळून बघायला लागली.

“आपण कोण?” बिशपसाहेबांनी विचारलं.

“शेडवाला. लई बरं वाटलं ह्यो आवाज ऐकून! महिनाभर मला वाटायचं, कुणी गेलं का काय ह्यांच्यातलं!” आबाजींनी टोपी नीट केली. “साहेब, नऊ वर्सं आयकतोय. ही मानसं भांडत्यात, बोंबलत्यात, आन मग एकाच पातेल्यातलं खात्यात. माझा धाकटा भाऊ भितीपल्याड ऱ्हातो. जमिनीच्या वाटन्या झाल्या, तवापासून अकरा वर्सं आमी एका शब्दानं भांडलो न्हाई. पाटी लावली तर चार हजार दिवस भरत्याल. नातवाचा आवाज भितीवरनं येतो, नाव ठाव न्हाई मला त्याचं.”

विमलबाईंनी पदर डोळ्याला लावला. ज्योतीरामभाऊंनी उठून आबाजींना आपली खुर्ची दिली.

बिशपसाहेबांनी फाइल मिटली. “भात झालाय का?”

“झालाय साहेब,” विमलबाई म्हणाल्या.

त्यांनी घड्याळ काढून समोर ठेवलं आणि बारा मिनिटांत संदेश आटोपला! निघताना म्हणाले, “पाळक इथंच राहतील. मंडळीही. फक्त यापुढे मला अर्ज पाठवू नका. काय असेल ते एकमेकांच्या तोंडावर बोला.”

पाळकसाहेबांनी मला मिठी मारली. पाटी उतरवायला गेलो, तर आबाजी म्हणाले, “मला दे ती. भितीवर लावतो, त्याच्या बाजूला तोंड करून.”

“आणि आकडा, आबाजी?”

“चार हजार. बगू किती दिवस टिकतो.”

सोमवारी सकाळी मी कंपनीच्या गेटवर शिडीवर चढलो होतो, ४४१ लावायला. फोन वाजला. शिडीवर फोन घ्यायचा नाही, हा नियम मीच लिहिलाय. पण नाव आबाजींचं!

“सेक्रेटरी!” पलीकडे नुसता कल्ला. “धोंड्या भितीवर चढलाय! चार हजार न्हाई, चार हजार तेवीस म्हनतो! मलाच खोटारडा म्हनला! आकडा शून्य कर!” आणि मग, जरा हळू, “नातवाचं नाव गणराज हाय.”

मी आनंदानं दोन्ही हात वर केले.

आमच्या कंपनीच्या पाटीवर सध्या शून्य आहे. तो मीच अडकवला, डाव्या हातानं. उजवा प्लास्टरमध्ये आहे.